वत्सलाई, नर अज्ञात

माझ्या आईच्या नावावर जगात एकच गोष्ट होती. तिची लांबी पाऊण मिलिमीटर.

घर बाबांच्या नावावर होतं. ते गेल्यावर माझ्या नावावर झालं, कारण आई म्हणाली, पुन्हा कचेरीत कोण जाईल. गॅस अजून बाबांच्या नावावर आहे. गॅसवाल्यांच्या लेखी बाबा वारल्यानंतरही सहा वर्षं स्वयंपाक करताहेत. आईच्या वडलांची वरुडजवळची सहा एकर संत्र्याची बाग गुणवंतमामांच्या नावावर आहे. उरली ती माशी.

माझे बाबा, प्राध्यापक देवीदास खेरडे, वरुडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात गांधीलमाश्या गोळा करायचे. गांधीलमाशी म्हटल्यावर डोळ्यासमोर येते ती नव्हे. दुसऱ्या किड्यांच्या पोटात वाढणारी, इतकी लहान की डबीतून सांडली तरी घरात कुणाला कळत नसे. २०१२ साली त्यांनी एका निबंधात दोन नव्या जाती जाहीर केल्या. तो ज्या नियतकालिकात छापला गेला त्याला तीन वाचक होते: संपादक, मुद्रितशोधक आणि बाबा.

पहिल्या जातीला त्यांनी आईचं, म्हणजे वत्सलाचं नाव दिलं, दुसरीला मामांचं. लॅटिनच्या नियमानं बाईच्या नावाला शेवटी 'आई' लागते आणि पुरुषाच्या नावाला 'ई'. म्हणून आई झाली एन्कार्सिया वत्सलाई आणि मामा झाले एन्कार्सिया गुणवंती. मामांना हे जरा बायकी वाटलं. पण शास्त्रापुढं काय बोलणार, म्हणून त्यांनी अंकाचं मुखपृष्ठ फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं.

वत्सलाई कामाची होती. संत्र्याच्या पानाखाली काळी माशी बसते, रस पिते आणि खालच्या पानांवर चिकट गोड पाणी सोडते. त्या गोडावर काळी बुरशी चढते, तिला आमच्याकडे कोळशी म्हणतात. बाग चुलीतून काढल्यासारखी दिसते आणि संत्रं हातात घेतलं की हात काळा होतो. वत्सलाई काळ्या माशीच्या पिल्लात एक अंडं घालते. अळी पिल्लाला आतून खाते आणि पाठीला गोल भोक पाडून माशी होऊन बाहेर येते. फवारणीच्या औषधांवर बंदी आली तेव्हा अख्खा संत्रापट्टा तिच्या भरवशावर राहिला. कृषी केंद्रात वत्सलाई कार्ड मिळायचं, टपाल तिकिटाएवढा पुठ्ठा, झाडाला टाचायचा. शेतकरी एकमेकांना विचारायचे, "वत्सला लावली का?" आईला हे बाजारात ऐकू यायचं. ती ऐकू न आल्यासारखं करून मेथी निवडायची, पण त्या दिवशी घासाघीस करायची नाही.

गुणवंती मात्र खलनायक. ती काळ्या माशीला हात लावत नाही, वत्सलाईच्या अळीला खाऊन वाढते, असं बाबांनी लिहिलं होतं. कार्ड बनवणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर सूचना होती: 'गुणवंती आढळल्यास संपूर्ण पेटी जाळून टाकावी.' मामा प्रयोगशाळेत कधी गेले नाहीत, हे सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

बाबांच्या निबंधात वत्सलाईच्या वर्णनाखाली एक ओळ होती, 'नर: अज्ञात.' गुणवंतीच्या वर्णनाखाली होती, 'मादी: अज्ञात.' एकोणतीस वर्षं कुणालाही यात काही विचित्र वाटलं नाही.

मग जुळणीयंत्र आलं.

किडा ओळखणं हे पूर्वी नजरेचं काम होतं. सूक्ष्मदर्शकाखाली मिशीचे सांधे मोजायचे, पंखाच्या कडेचे केस मोजायचे, आणि हे पूर्वी कुणी पाहिलेलं नाही अशी खात्री झाली की एक नमुना त्रिकोणी कागदाच्या टोकाला चिकटवून त्याला नाव द्यायचं. नाव कायमचं त्या एका नमुन्याला बांधलेलं असतं. तो पेटीत पडून राहतो आणि जगातल्या बाकी सगळ्या त्याच्यासारख्या माश्या त्याच्या नावानं जगतात. अडचण अशी, की दोन माणसं दोन देशांत एकाच माशीला दोन नावं देऊन बसतात आणि समाधानानं मरतात. जुळणीयंत्र शंभर वर्षं वाळलेल्या नमुन्याच्या एका पायातून डीएनए वाचतं, जगभरातल्या संग्रहालयांमधल्या सगळ्या पायांशी ताडून बघतं आणि सांगतं, ही दोन नावं एकाच जातीची आहेत. पुढचा नियम सोपा आहे. आधी छापलेलं नाव राहतं, नंतरचं विलीन होतं.

पहिल्या चार वर्षांत यंत्रानं असल्या माश्यांची एकतृतीयांश नावं विलीन केली. बंगळुरूच्या एका तज्ज्ञांनी जन्मभरात एकशेबारा जाती शोधल्या होत्या, त्यातल्या दोन उरल्या. ते आता मधमाश्या पाळतात आणि त्यांना नावं देत नाहीत.

यंत्राला एकच गोष्ट जमत नाही. दोन्ही नावं एकाच दिवशी, एकाच अंकात छापलेली असतील तर आधीचं कोणतं? तिथं जुना नियम आहे, की जो माणूस पहिल्यांदा त्या दोघांतून एक निवडेल त्याची निवड कायम. माणूस असं स्पष्ट लिहिलंय, कारण नियम केला तेव्हा दुसरं कुणी उपलब्ध नव्हतं. म्हणून नागपूरच्या नामनिश्चिती कक्षात एक पद निर्माण करण्यात आलं. बरोबरी अधिकारी. ती मी, चैताली खेरडे. तीन वर्षांत माझ्याकडे दोन प्रकरणं आली. उरलेल्या वेळात मी कक्षातल्या कुंड्यांना पाणी घालायचे. त्यातलं एक झाड प्लॅस्टिकचं आहे, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

तिसरं प्रकरण ऑक्टोबरात आलं. पडद्यावर लिहिलं होतं: एन्कार्सिया वत्सलाई खेरडे २०१२, एन्कार्सिया गुणवंती खेरडे २०१२. एकच जात. पहिली मादी, दुसरा नर. बरोबरी.

मी ढोकेसाहेबांकडे गेले. ते कक्षाचे प्रमुख. त्यांच्या टेबलावर कधी काही नसतं, एक परिपत्रक सोडून.

"साहेब, हे मला घेता येणार नाही. एक नाव माझ्या आईचं आहे."

"आणि दुसरं?"

"मामांचं."

त्यांनी परिपत्रकाचं शेवटचं पान काढलं. "एका बाजूशी नातं असेल तर अधिकारी बाद. दोन्ही बाजूंशी असेल तर हितसंबंध एकमेकांना छेदतात. कलम नऊ. उलट तुमच्याइतकं तटस्थ कुणी मिळणार नाही."

"हे कुणी लिहिलं?"

"माझ्या आधीच्या साहेबांनी. त्यांचे सासरे आणि साडू एकाच प्रकरणात होते." त्यांनी पान परत लावलं. "पंधरा दिवस आहेत. पुढच्या हंगामाची कार्डं छापायची आहेत."

शनिवारी मी वरुडला गेले. आई ओट्यापाशी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी बॅग ठेवली, पाणी प्यायले आणि सांगून टाकलं. "आई, यंत्र म्हणतं, वत्सलाई आणि गुणवंती वेगळ्या नाहीत. नवरा-बायको आहेत."

"हाव, माहीत आहे मले," आई म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

मी खाली बसले.

"बरण्या म्याच सांभाळो ना," ती म्हणाली. "सर त दिवसभर कॉलेजात." आई बाबांना कायम सरच म्हणायची. "डहाळ्या आना, लोनच्याच्या बरणीत ठेवा, वरतून जुन्या लुगड्याचं फडकं बांधा. दोघंबी एकाच बरणीत होते. लगन लागून राह्यलं होतं त्याईचं, म्या डोयानं पाह्यलं. सरले सांगतलं. सर म्हने, वत्सला, जो मादीले खाऊन वाढते तो तिचा नवरा कसा आसन? म्या म्हटलं, सर, तुमाले संसाराचं काई माहीत नाई."

आईनं बरणीत जे पाहिलं ते यंत्राच्या अहवालात सात पानांत दिलेलं आहे. या माश्यांत मधमाश्यांसारखंच असतं. फळलेल्या अंड्यातून मुलगी होते, न फळलेल्यातून मुलगा. मुलीचं अंडं आई काळ्या माशीच्या पिल्लात घालते. मुलाचं अंडं घालायची वेळ आली की ती आपल्याच जातीची, आधीच वाढत असलेली एखादी मादी-अळी शोधते आणि ते तिच्यात घालते. मुलगा तिला खाऊन मोठा होतो. बहुतेक वेळा ती त्याची बहीण असते. नराला वाढायला दुसरी जागा निसर्गानं दिलेली नाही.

"मग तू बाबांना पुन्हा का नाही सांगितलंस?"

"कवा सांगू? तेच साल होतं ना थे."

ते साल मला ऐकून माहीत होतं. आजोबा गेले, तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी मामा आईला गाडीत बसवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन गेले. हक्कसोडपत्र. बहिणीनं वडलांच्या इस्टेटीतला आपला हिस्सा भावाला राजीखुशीनं सोडून द्यायचा असतो. राजीखुशीनं सोडला नाही तर माहेर बंद होतं. सोडला तर भाऊबीजेला साडी आणि दरवर्षी हिवाळ्यात, आंबिया बहाराच्या संत्र्यांची एक पेटी. आईनं सही केली. बाबांना संताप आला, पण जावयानं अशा बाबतीत बोलायचं नसतं. म्हणून ते लॅटिनमध्ये बोलले. बहिणीला आतून खाणाऱ्या किड्याला त्यांनी मेव्हण्याचं नाव दिलं, आणि ती वेगळी जात नाही असं बायको सांगत असताना कान बंद केले. ती वेगळी नसती तर त्यांचा राग ठेवायला जागा उरली नसती.

"सरचा राग किड्यावर निंगाला, बरं झालं म्हटलं मी," आई म्हणाली. "दादाच्या दारात निंगाला असता तर?"

मी तिला अहवालाचं शेवटचं पान वाचून दाखवलं नाही. प्रयोगशाळांनी गुणवंती दिसली की पेटी जाळली. म्हणजे वीस वर्षं त्यांनी वत्सलाईचे नवरे जाळले. नर नसलेली मादी अंडी घालते, पण ती सगळी मुलांची, आणि मुलांना खायला बहिणी लागतात. कार्डं दरवर्षी जास्त विकली जात होती आणि दरवर्षी कमी चालत होती. बागा पुन्हा काळ्या पडायला लागल्या होत्या. कृषी केंद्रानं दोष हवामानाला दिला. हवामान नाही म्हणायला येत नाही.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला की जेवायलाच या. यंत्र दोन्ही नावांच्या संबंधितांना सूचना पाठवतं, त्यामुळं त्यांना सगळं माहीत होतं, फक्त कोण कुणाला खातं ते नव्हतं. सूचनेत तेवढी जागा नसते.

दिवाणखान्यात फ्रेम होती. तिच्या एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला मामांचा स्वतःचा फोटो, हातात बक्षीस मिळालेलं संत्रं.

"ये वच्छी. बस. आपली भाची त सायबीन झाली," मामा म्हणाले. बहात्तरीतही त्यांचा आवाज बागेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आहे. "चैतू, तुह्या बापाचा राग होता माह्यावर. मले माहीत नाई का? बागेपाई होता. तरी त्यानं माह्या नावाची माशी केली. म्या तवाच म्हटलं तुह्या मामीले, मानूस मोठा आहे. आपल्याच्यानं झालं नसतं."

"मामा, ती माशी..."

टेबलाखाली आईनं माझ्या पायावर पाय ठेवला. ठेवला म्हणजे टाच दिली.

"ती माशी काय?"

"लहान आहे," मी म्हटलं.

"लहान असो. नाव त आहे." मामांनी वाटी बाजूला सारली. "आता दोनातून एकच राहनार म्हन्तेत. पुढच्या महिन्यात संत्रा उत्पादक संघाचं इलेक्शन आहे. कार्डावर गुणवंती छापून आलं त माह्यं नाव सायाचं घरोघरी पोचते. वच्छीले काय करायचं आहे नावाचं? ते काय उभी राहून राह्यली?"

त्यांनी टाईप केलेला कागद पुढं केला. 'मी, श्रीमती वत्सला देवीदास खेरडे, राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय...' पुढचं मी वाचलं नाही. ढंग ओळखीचा होता. बागेच्या जागी माशी घातली होती, बाकी मसुदा तोच.

आईनं पर्समधून पेन काढलं. तिची सही फार सुंदर आहे. सराव कमी, पण प्रत्येक वेळी प्रसंग मोठा.

बसस्टँडवर मी तिला विचारलं, "तुझं खरं मत काय आहे?"

"देल्लं ना लिहून."

"ती सही आहे. मत विचारतेय मी."

"आमच्या वक्ती सही अन् मत वेगवेगळे नव्हते," आई म्हणाली. मग पर्सची चेन लावत, "भाऊबीज आली चैतू. मले माहेर पाहिजे. माशीले काय, माशी राहिन कोनत्याबी नावानं."

मी नागपूरला परत आले आणि नियमानं वागले. वत्सलाई हे नाव हजारो कागदांत वापरात होतं, गुणवंती फक्त जाळायच्या यादीत. वत्सलाईचं वर्णन पूर्ण होतं, नमुना धड होता. कुठल्याही तटस्थ अधिकाऱ्यानं हेच केलं असतं. मी निकालात लिहिलं, 'वत्सलाई हे नाव कायम करण्यात येत आहे.' संबंधितांची ना-हरकत फाईलला जोडली आणि शेरा मारला, 'पाहिली, विचारात घेतली नाही.' नियमानं वागताना मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. तेव्हाच संशय यायला हवा होता.

एक गोष्ट मी विसरले होते. यंत्र प्रत्येक निकालाचा सोप्या मराठीत सारांश करतं आणि ज्यांनी ज्यांनी ते कार्ड विकत घेतलंय त्या सगळ्यांना पाठवतं. एक्केचाळीस हजार फोन. सारांश असा होता:

'नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. गुणवंत यांच्या नावाचा कीटक हा स्वतंत्र कीटक नसून वत्सला यांच्या नावाच्या कीटकाचा नर आहे. तो लहानपणी आपल्या बहिणीच्या शरीरात राहतो व तिला आतून खाऊन मोठा होतो. हे नैसर्गिक आहे. कृपया त्याला जाळू नका.'

खाली विचारलं होतं, ही माहिती उपयुक्त वाटली का?

निवडणुकीला अकरा दिवस होते. सहा एकराची गोष्ट तालुक्यात सगळ्यांना माहीत होती, फक्त तिला आजवर शास्त्रीय आधार नव्हता. मामांच्या सभेत मागून कुणीतरी ओरडलं, "बहिनीले इचारलं का?" आणि मांडव हसला. बाकी सभेत दुसरं काही झालं नाही. मामा एकशेसाठ मतांनी पडले. त्यांनी फ्रेम काढून टाकली, असं मामीनं कुणालातरी सांगितलं.

भाऊबीजेला आईनं सकाळीच ताट तयार केलं. करदोडा, सुपारी, निरांजन. गाडीच्या चाकाखाली येईल म्हणून तिनं रांगोळी दाराच्या बाजूला काढली होती, दुपारी ती पुन्हा नीट बघून घेतली. गाडी आली नाही. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. संध्याकाळी आई गच्चीवर गेली. द्वितीयेची कोर इतकी बारीक होती की मला दिसेना. आईला सापडली. तिनं तिला ओवाळलं, अक्षता टाकल्या आणि ताट घेऊन खाली आली.

"मी चुकले का?" मी विचारलं.

"नियमानं केलं ना तू?"

"हो."

"मंग," ती म्हणाली. एवढंच. रागावली असती तर द्यायला मी काहीतरी उत्तर तयार ठेवलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी मी तिच्याबरोबर आठवडी बाजारात गेले. ती संत्र्यांच्या ढिगासमोर थांबली. अडुसष्ट वर्षांत तिनं संत्रं विकत घेतलं नव्हतं. दर आणि तऱ्हा तिला माहीत नव्हती. तिनं एक उचललं, वास घेतला, आणि विचारलं, "कोनाच्या बागेतले होय?"

"भोयरच्या, माय. घ्या बिनधास्त. कोळशी पुसली की गोड निंगतेत."

भोयर हे आईचं माहेरचं आडनाव, म्हणजे बाग मामांची. तिनं एक किलो घेतली. घासाघीस केली नाही.

डिसेंबरात यंत्राचा संदेश आला. युरोपातल्या कुठल्यातरी संग्रहालयाच्या तळघरातली शेवटची कपाटं त्याच्या हाती लागली होती. एका खणात आगपेटीएवढी डबी होती आणि तिच्यात त्रिकोणी कागदावर एक मादी. चिठ्ठीवर शाईनं लिहिलेलं, 'वऱ्हाड, संत्र्याच्या पानावर, १९१३.' हॅरल्ड पिम नावाच्या जंगलखात्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं तिला नाव देऊन चार ओळींचं वर्णन छापलं होतं आणि मग ते सगळे विसरले. वर्णनाखाली लिहिलं होतं, 'नर: अज्ञात.' जुळणी शंभर टक्के. नाव एन्कार्सिया मार्गारेटाई.

म्हणजे बरोबरी नव्हतीच. दोन्ही नावं आधीपासून नंतरची होती. वत्सलाई आणि गुणवंती दोघीही विलीन. माझा निकाल, मामांची निवडणूक, गच्चीवरचं ओवाळणं, या सगळ्याला तांत्रिकदृष्ट्या आधार नव्हता. यंत्रानं तसं लिहिलं नाही, पण पूर्वीच्या निकालावर एक बारीक रेघ मारली.

ढोकेसाहेबांनी परिपत्रक उलटंपालटं केलं आणि एक फट शोधली. जुनं नाव शंभर वर्षं कुणी वापरलं नसेल आणि नवं सगळीकडे रुळलं असेल, तर नवं राखून ठेवण्याचा अर्ज करता येतो. "मंजूर होईल," ते म्हणाले. "तुमची माशी एक्केचाळीस हजार फोनांत आहे. मार्गारेट एका डबीत. दहा दिवस आहेत."

मी अर्ज लिहून फोनवर तयार ठेवला आणि दहाव्या दिवशी तो घेऊन वरुडला गेले. या वेळी तिला विचारून करावं, असं वाटलं. आधी विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं आणि उत्तर वापरलं नव्हतं.

दारात संत्र्यांची पेटी होती.

"दादाचा मानूस सकायीच ठेवून गेला," आई म्हणाली. "फोनबी आला. म्हने, आता कोनाचंच नाव नाई ना? मंग झालं म्हने. उगाचच दोन महिने डोक्याले ताप." तिच्या आवाजात हसू होतं की नव्हतं, ते मला ठरवता आलं नाही. आईच्या नावावर पुन्हा काहीच नव्हतं, म्हणून माहेर उघडलं होतं.

ती पेटीपाशी पाट घेऊन बसली आणि एकेक संत्रं ओल्या फडक्यानं पुसायला लागली. हंगाम संपत आलेला माल, कोळशीनं काळा झालेला. पाच-सहा पुसली की फडकं काळं, दहा पुसली की बोटं.

मी अर्जाबद्दल सांगितलं. तिचं नाव परत आणता येतं, फक्त आज संध्याकाळपर्यंत पाठवायला हवं.

"ही कोन म्हने, मार्गारेट?"

"जंगलखात्यातल्या इंग्रज साहेबाची बायको. त्यानं तिच्या नावानं केली."

"सरसारखं."

"हो."

"तिच्या नावावर आनखी काय होतं?"

मी यंत्राला विचारलं. नको ते शोधण्यात ते फार तत्पर आहे. कुठल्याशा वृत्तपत्रातली दोन ओळींची बातमी निघाली आणि चिखलदऱ्याच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीतल्या थडग्यांची यादी. वय चोवीस. ताप. मूल नाही, मृत्युपत्र नाही, लिहिलेलं एखादं पत्रही नाही.

"थडग्यावर काय लिवलं आहे?"

"हॅरल्ड पिम यांची प्रिय पत्नी."

"अन् नाव?"

"नवऱ्याचंच आहे."

आईनं आणखी चार संत्री पुसली. एकाला देठाजवळ कोळशी घट्ट बसली होती, ती तिनं नखानं खरवडली.

"नको करू अर्ज," ती म्हणाली.

"आई, मंजूर होणार आहे तो."

"म्हनूनच नको करू."

ती हे मार्गारेटकडे बघून म्हणाली की पेटीकडे बघून, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं.

मी फोनवरचा तयार अर्ज रद्द करायला घेतला. पडद्यावर ओळ आली, 'आपण या नावावरील हक्क सोडत आहात. नक्की?' आणि खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

नक्की का, हे आईला आजवर कुणी विचारलं नव्हतं. निबंधकानं नाही, मामांनी नाही. बाबांनी तिचं नाव माशीला दिलं तेव्हाही नाही. मी तर तिची सही फाईलला लावून वर शेरा मारला होता. मी फोन तिच्यासमोर धरला.

तिनं मनगटानं चष्मा वर सरकवला आणि ओळ दोनदा वाचली.

"लय इचारते हे," ती म्हणाली, आणि 'हो'वर अंगठा ठेवला.

आई बी.ए. झालेली आहे. तिची सही फार सुंदर आहे. पण हात कोळशीचे होते, म्हणून काचेवर काळा अंगठा उठला. यंत्रानं तो ग्राह्य धरला.